पॉश: बोटीचं तिकीट, अर्धी पेनी आणि बाकी भानगडी

प्रश्न: ताई, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आलाय, त्यावरून दोन दिवस नुसता धुरळा उडालाय. 'पॉश' हा शब्द म्हणे इंग्रजांच्या काळात विलायत ते मुंबई या बोटींवर जन्मला. श्रीमंत साहेब लोक इकडे येताना बोटीच्या डाव्या बाजूची केबिन घ्यायचे आणि परत जाताना उजव्या बाजूची, म्हणजे दोन्ही वेळेला ऊन चुकायचं, आणि त्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' याची पहिली अक्षरं जांभळ्या शाईत उठवलेली असायची, पी-ओ-एस-एच, झालं पॉश. ग्रुपमधले एक काका मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेत, ते म्हणतात शंभर टक्के खरं. माझी लेक म्हणते अशा फुल फॉर्मच्या गोष्टी नव्वद टक्के थापा असतात. कुणाचं बरोबर? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: लेकीचं. काकांना सांगा, तुमच्या नोकरीचा पूर्ण मान ठेवून सांगतेय, पण ही गोष्ट थापच आहे, फक्त फार देखणी थाप आहे म्हणून इतकी वर्षं टिकली.

आधी तिच्यातलं खरं काय ते बघू, कारण थाप टिकते ती तिच्यातल्या खऱ्या मालावर. पोर्ट म्हणजे बोटीच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू, स्टारबोर्ड म्हणजे उजवी, हे खरं. (डाव्या बाजूला आधी लारबोर्ड म्हणायचे, पण वादळात ओरडून हुकूम देताना लारबोर्ड आणि स्टारबोर्ड सारखंच ऐकू यायचं, म्हणून ब्रिटिश आरमाराने 1844 मध्ये लारबोर्ड बंद करून पोर्ट हाच शब्द पक्का केला.) पी अँड ओ कंपनीच्या बोटी लंडनहून जिब्राल्टर, मार्सेय, पोर्ट सैद, सुएझ, एडन असं करत मुंबईला यायच्या हेही खरं. आपल्याकडे हा मार्ग माहीत नसलेला माणूस विरळा, कारण 1910 साली सावरकरांना इकडे आणत होती ती मोरिया बोट याच कंपनीची आणि याच मार्गावरची, आणि मार्सेयला त्यांनी उडी मारली ती तिच्याच पोर्टहोलमधून, म्हणजे बोटीच्या छोट्या गोल खिडकीतून. तेव्हा केबिनमध्ये एसी वगैरे भानगड नव्हती, तांबड्या समुद्रात केबिनची भट्टी व्हायची, लोक गाद्या उचलून सरळ डेकवर झोपायला जायचे. म्हणजे सावलीची केबिन मिळावी असं प्रत्येकाला वाटत असणार यात काही शंका नाही.

इथपर्यंत सगळं ठीक. पण आता जरा नकाशा उघडा, एखादा शाळेतला अ‍ॅटलास घरात असेलच. भूमध्य समुद्रात बोट पूर्वेकडे चाललीय, सूर्य दक्षिणेला, म्हणजे उजवी बाजू तापणार आणि डावी सावलीत, इथे फॉरवर्ड पास. पण भूमध्य समुद्रात उन्हाचा त्रास कुणाला होता, थंडीत तर साहेब लोक उलट ऊन शोधत फिरायचे! खरा त्रास सुएझ ओलांडल्यावर, आणि तिथे बोट पूर्वेकडे जातच नाही, तांबडा समुद्र उभा आहे, बोट तीन-चार दिवस दक्षिणेकडे, जराशी पूर्वेला कलून चाललेली असते. म्हणजे डाव्या केबिनला सकाळचं ऊन आणि उजवीला दुपारचं. दुपारचं ऊन खाल्लेली केबिन रात्री झोपायच्या वेळेपर्यंत गरम राहते हे खरं, त्यामुळे इथे डावी बाजू थोडी बरी म्हणता येईल, पण सकाळी उठल्या उठल्या तुमच्याही तोंडावर ऊन असणारच, सावलीत बसून लिंबू सरबत पिताहेत असं काही चित्र नाही. वारा पाठीमागून असेल तर आणखी मजा, बोट वाऱ्याबरोबरच चाललेली त्यामुळे डेकवर हवा हलत नाही, मग डावी काय नि उजवी काय.

पुढे एडनहून मुंबई, पुन्हा बोट पूर्वेकडे, जरा उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो म्हणून डावी बाजू सावलीत, आणि वारा ईशान्येकडून म्हणजे तोही डाव्याच बाजूने, अगदी झकास. पण उन्हाळ्यात? मुंबईत शून्य सावली दिवस येतो ना, मेच्या मध्यात आणि परत जुलैच्या शेवटी, गच्चीवर बाटली उभी करून मुलं फोटो काढतात, त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. एडन तर आपल्याही दक्षिणेला, तिथे हा काळ आणखी लांब. म्हणजे जूनमध्ये येणाऱ्या साहेबाने डावी केबिन हट्टाने घेतली असेल तर दुपारी सूर्य त्याच्याच बाजूला कललेला! शिवाय पावसाळ्यात नैऋत्येचा वारा आणि त्या लाटा, पोर्टहोल बंद ठेवायला लागायचं, मग केबिन कुठल्याही बाजूची असली तरी उकडून जीव जाणार. काका नेव्हीत होते ना, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार, त्यांनाच विचारा जूनमधल्या अरबी समुद्राचं.

तर समुद्राची साक्ष अशी अर्धीमुर्धी आहे. कागदाची साक्ष त्याहून वाईट. असा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजपर्यंत कुणाला सापडलेलं नाही. एकही. पी अँड ओचे जुने कागद जपून ठेवलेले आहेत, त्यात असा शिक्का मारायची पद्धत होती असा पुरावा नाही. जांभळ्या शाईचा तपशील मात्र प्रत्येक फॉरवर्डमध्ये असतो, कारण रंग सांगितला की ऐकणाऱ्याला वाटतं सांगणाऱ्याने बघितलंय. 1971 मध्ये 'मरिनर्स मिरर' नावाच्या सागरी इतिहासाच्या ब्रिटिश नियतकालिकात या गोष्टीची नीट चिरफाड छापून आली, आणि ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने तिचा हवाला देऊन सांगून टाकलंय की या कथेला आधार नाही. तरी 1968 च्या एका गाजलेल्या इंग्रजी मुलांच्या सिनेमात याच फुल फॉर्मवर आख्खं गाणं होतं, आता गाण्यापुढे डिक्शनरी काय करणार.

आणि सगळ्यात मोठी गोची तारखांची. सुएझ कालवा 1869 ला उघडला, बोटींची ती शान पुढची सत्तर वर्षं चालली, आणि इतक्या काळात हजारो माणसं या मार्गाने गेली आली, पत्रं लिहिली, डायऱ्या लिहिल्या, प्रवासवर्णनं छापली, इंग्रज लोक तर काय खाल्लं नि कोण कुणाशी बोललं तेही लिहून ठेवणारे. त्यात हा शिक्का कुठे नाही. ही फुल फॉर्मची कथा छापील स्वरूपात दिसायला लागते ती 1930 च्या दशकात, तोवर शब्द लंडनच्या गल्लीबोळात चांगला रुळून जुना झाला होता. म्हणजे बारसं आधी आणि जन्माची कथा नंतर.

आता तुम्ही म्हणाल की हे नाही तर मग काय. इथे मला खरी मजा येते, कारण मुंबईचं बंदर जरी यातून गेलं तरी आपला संबंध सुटत नाही, तो उलट मागच्या दाराने येतो.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकापासून रोमानी लोक आहेत, ज्यांना इंग्रज जिप्सी म्हणतात. ते इजिप्तहून आले असं समजून ते नाव पडलं, पण त्यांची भाषा तपासल्यावर अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मन अभ्यासकांनी दाखवून दिलं की ही तर हिंदुस्थानातली भाषा. आपल्याला वेगळं दाखवायची गरजच नाही, नुसतं ऐका: एक म्हणजे येक, दोन म्हणजे दुई, दहा म्हणजे देश, नाक म्हणजे नाक, कान म्हणजे कान, पाणी म्हणजे पानी, दिवस म्हणजे दिवेस, सुरी म्हणजे चुरी. हजार वर्षांपूर्वी घर सोडलेली माणसं, आणि 'दिवेस' ऐकून वाटतं की शेजारच्या गावचं कुणी बोलतंय. इंग्रजीतला 'पॅल', म्हणजे दोस्त, हा याच भाषेतला, मुळात भाऊ, आपल्या भ्रातृशी थेट नातं.

तर या रोमानी भाषेत 'पॉश' म्हणजे अर्धा. अर्ध्या पेनीच्या नाण्याला ते पॉश-होरी म्हणायचे. तिथून हा शब्द लंडनच्या चोरबाजारात, फेरीवाल्यांत, पाकीटमारांत गेला आणि नुसतं पॉश म्हणजे किरकोळ नाणं, मग पैसा, असा अर्थ झाला. 1830 च्या सुमाराच्या लंडनच्या कोर्टाच्या नोंदींत तो पैसा या अर्थाने येतो. नंतर 1890 च्या आसपास छापलेल्या बोलभाषेच्या डिक्शनरीत पैसा हा अर्थ आहेच, त्याच्या शेजारी दुसरा अर्थही दिलाय, छानछोकीत राहणारा माणूस, आपल्याकडे छेलछबिला म्हणतील तसा. त्याच काळात 'पंच' या लंडनच्या विनोदी साप्ताहिकात एक डायरीच्या स्वरूपातली मालिका यायची, तिच्यातल्या एका टेचात राहणाऱ्या श्रीमंत तरुणाचं आडनाव पॉश ठेवलेलं होतं.

विशेषण म्हणून तो पक्का उभा राहिलेला दिसतो 1914 ला, आणि तोही कुठे, तर लष्करात. ब्रिटिश लष्करावरच्या त्या वर्षीच्या एका पुस्तकात लिहिलंय की पायदळातल्या शिपायापेक्षा घोडदळातला शिपाई जमेल तेव्हा 'पॉश' कपडे घालायला बघतो, पॉश म्हणजे सरकारने न दिलेले, नियमात न बसणारे, स्वतःच्या खर्चाने शिवून घेतलेले भारी कपडे. हे वाक्य मला फार आवडतं, कारण यात शब्द बदलताना सापडतो. खिशात पॉश असेल तर अंगावर पॉश येणार, इतकं ते सरळ आहे. आणि 1918 च्या सप्टेंबरात 'पंच'मध्येच एक व्यंगचित्र आलं, त्यात हवाई दलातला पोरगेला ऑफिसर आईला सांगतो की आम्ही तिथे पॉश मजा केली, आई विचारते पॉश म्हणजे काय रे बाबा, आणि तो उत्तर म्हणून तितकाच अगम्य दुसरा पोरकट शब्द तिच्या तोंडावर फेकतो. म्हणजे 1918 ला हा कॉलेजच्या पोरांचा 'कूल' सारखा शब्द होता, मोठ्या माणसांना न कळणारा. पहिल्या दर्जाच्या केबिनमधल्या साहेबिणीचा शब्द असता तर ती आई असं विचारते का?

डिक्शनऱ्या अजूनही हात राखून 'उगम अनिश्चित' असंच लिहितात, कारण पैसा, छानछोकी माणूस आणि भारी कपडे या तीन टप्प्यांना जोडणारा लेखी दुवा तुटक आहे. ते योग्यच आहे. पण दोन रस्त्यांपैकी कुठल्या रस्त्यावर पावलं उमटलीत ते दिसतंय ना, मला विचाराल तर मी पैसे अर्ध्या पेनीवर लावीन.

आणि आता आपली गंमत. रोमानीतला हा 'पाश' किंवा पॉश, याचं मूळ अभ्यासक संस्कृत 'पार्श्व' पर्यंत नेतात, पार्श्व म्हणजे बाजू, कूस, दोन बाजूंतली एक बाजू म्हणजे अर्धा. याच पार्श्वापासून प्राकृतातून मराठीत 'पाशी' आला, माझ्यापाशी, देवापाशी, दारापाशी. म्हणजे 'माझ्यापाशी पॉश फ्लॅट नाही' असं कुणी म्हटलं तर एकाच आजीची दोन नातवंडं एका वाक्यात येऊन बसतात, एक घरी राहिलेलं आणि एक इराण, तुर्कस्तान, युरोप फिरून लंडनमार्गे परत आलेलं, अंगावर नवे कपडे घालून. तुमच्या ग्रुपवर हे टाका, फॉरवर्डला उत्तर म्हणून.

प्रश्न: मागे एकदा तुम्ही म्हणाला होतात की इंग्रजीतले फुल फॉर्म नव्वद टक्के बनावट असतात. मग न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ हेही खोटं का? आम्हाला शाळेत बाईंनी शिकवलंय. (एक वाचक, सांगली)

उत्तर: नव्वद हा आकडा माझा नाही, वरच्या पत्रातल्या लेकीचा आहे, पण भांडत बसत नाही. न्यूजचं खोटंच. न्यू म्हणजे नवीन, त्याचं अनेकवचन न्यूज, नव्या गोष्टी, फ्रेंचमध्येही बातम्यांना असंच नव्यांचं अनेकवचन वापरतात. होटेलातल्या टिपचाही असाच काहीतरी 'लवकर सेवा मिळावी म्हणून' छाप फुल फॉर्म फिरतो, तो शब्दही चोरांच्या भाषेतला, अर्थ नुसता 'दे', आणि सतराव्या शतकापासूनचा.

यात एक साधी चाचणी लक्षात ठेवा. पहिली अक्षरं घेऊन त्याचा उच्चारायचा शब्द करायचा ही इंग्रजीतली खोड विसाव्या शतकातली आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेचं अँझॅक झालं, दुसऱ्या महायुद्धात रडार आला, 1960 च्या सुमारास लेझर. अशा शब्दांना 'अ‍ॅक्रोनिम' म्हणायला लागले तेही 1940 च्या आसपास, त्याआधी असे शब्दच इतके कमी होते की वेगळं नाव लागलं नाही. त्यामुळे त्याच्या आधीच्या शब्दाचा कुणी फुल फॉर्म सांगितला की आधी भुवई उंचवायची. ओके हा खरा अपवाद, 1839 मध्ये बॉस्टनच्या पेपरवाल्यांनी 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहून त्याची आद्याक्षरं केली, पण त्यातही आपण ओ आणि के सुटे म्हणतो, 'ओक' म्हणत नाही.

बाईंचं मनावर घेऊ नका. चांगली गोष्ट सांगितली की वर्ग गप्प बसतो, तेवढं त्यांना हवं होतं.

प्रश्न: माझा मुलगा लंडनला शिकायला आहे. त्याच्या घरमालकीणबाईंना मी व्हिडिओ कॉलवर कौतुकाने म्हटलं की तुम्ही किती पॉश आहात, तर त्यांचं तोंडच उतरलं. मुलगा म्हणाला आई असं म्हणायचं नसतं. आपल्याकडे तर हे कौतुक आहे! (एक आई, नाशिक)

उत्तर: आपल्याकडे कौतुकच आहे. पॉश एरिया, पॉश सोसायटी, काय पॉश हॉटेल होतं अगं, यात आपण पैसा, स्वच्छता आणि लिफ्ट यांच्याबद्दल बोलत असतो. एरियाला म्हणतो, माणसाला क्वचितच, आणि माणसाला म्हटलंच तर त्याच्या राहणीला. पेपरवाले याचंच 'उच्चभ्रू वस्ती' करतात, म्हणजे भुवया उंचावलेल्यांची वस्ती, वाचलं की मला बिल्डिंगला भुवया दिसायला लागतात.

ब्रिटनमध्ये मात्र हा शब्द पैशाचा उरलेला नाही, तो जातकुळीचा झालाय. कुठल्या शाळेत गेलात, बोलण्याचा हेल कसा आहे, मोठं जुनं आडनाव आहे का, यावर माणूस पॉश ठरतो, आणि लॉटरी लागून करोडपती झालेला माणूस पॉश होत नाही. गंमत म्हणजे खरे वरच्या वर्गातले लोक स्वतःला कधी पॉश म्हणत नाहीत, हा खालून वर बघून वापरायचा शब्द आहे आणि त्यात निम्मा टोमणा असतो. 2012 मध्ये पंतप्रधान कॅमेरन आणि त्यांचे अर्थमंत्री ऑस्बोर्न यांना त्यांच्याच पक्षाच्या खासदार नदीन डॉरिस यांनी, दुधाचा भाव माहीत नसलेली पॉश पोरं म्हणून जाहीर झोडपलं होतं, ते काही कौतुक नव्हतं.

आणि तिथली मेख अशी की भारी दिसायला गेलात की पडलात. बर्मिंगहॅम विद्यापीठातले अ‍ॅलन रॉस म्हणून भाषेचे प्राध्यापक होते, त्यांनी 1954 मध्ये यादीच दिली की वरच्या वर्गातले कुठले शब्द वापरतात आणि त्यांची नक्कल करणारे कुठले. जेवताना मांडीवर घ्यायच्या कापडाला वरचे लोक साधं नॅपकिन म्हणतात आणि 'सर्व्हिएट' हा फ्रेंच, दिसायला रुबाबदार शब्द वापरला की समजायचं हा मधल्या वर्गातला. श्रीमंताला ते सरळ रिच म्हणतात, 'वेल्दी' म्हणणारा पकडला जातो. संडासाला 'टॉयलेट' म्हटलं तरी तेच. आपण इकडे इंग्लिश मीडियममध्ये उलटं शिकलो, जितका लांबलचक शब्द तितकी इज्जत.

त्यामुळे मालकीणबाईंना तुमच्या वाक्यात एकतर टोमणा ऐकू आला असेल किंवा 'तुम्ही आमच्यातल्या नाही' असं. पुढच्या वेळी घराचं कौतुक करा, बागेचं करा, बागेचं केलंत तर अर्धा तास सुटका नाही.

हाच शब्द अभिमानाने मिरवणारेही आहेत म्हणा. इंग्लंडमधल्या पीटरबरो गावच्या फुटबॉल क्लबचं टोपणनाव 'द पॉश' आहे, ते 1920 च्या दशकापासून त्या गावच्या फुटबॉलला चिकटलंय. पुढे 1990 च्या दशकात स्पाइस गर्ल्स या गायिकांच्या ग्रुपमधल्या व्हिक्टोरिया बेकहॅम 'पॉश स्पाइस' झाल्या, आणि 2002 मध्ये क्लबने नावाची नोंदणी करायला घेतल्यावर त्यांनी आक्षेप घेतला. क्लब आजही पॉशच आहे.

प्रश्न: ऑफिसमध्ये एचआरचा मेल आला, 'उद्या पॉश ट्रेनिंग, हजेरी सक्तीची'. आमचा एक नवीन मुलगा खरंच टाय लावून आला, त्याला वाटलं टेबल मॅनर्स शिकवणार. हा पॉश तरी फुल फॉर्म आहे ना? (एक वाचक, हिंजवडी)

उत्तर: हा आहे! प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हरॅसमेंट. पण कायद्यात हा शब्द शोधायला गेलात तर सापडणार नाही. 2013 च्या या कायद्याचं अधिकृत इंग्रजी नाव 'सेक्शुअल हरॅसमेंट ऑफ विमेन अ‍ॅट वर्कप्लेस' असं सुरू होतं आणि प्रिव्हेन्शन, प्रोहिबिशन, रिड्रेसल हे सगळं मागून येतं, त्या क्रमाने अक्षरं घेतली तर जीभच वळणार नाही. मग लोकांनी क्रम फिरवून, तोंडात आधीपासून असलेला एक शब्द निघेल असं बसवलं. त्या कायद्याच्या मागे सुप्रीम कोर्टाची 1997 ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि कायद्याने दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ऑफिसात तक्रार समिती लागते, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच असायला हवी, आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. टाय लावलेल्या मुलाला हे कळलं असेल तर ट्रेनिंग वसूल झालं. एचआरला मात्र सांगा, मेलमध्ये हा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहा म्हणावं.